तुझ्या चपला

आई,

तुझ्या चपला घालून दवाखान्यात चाललेय. माझी एकही पायात शिरेना. बाळंतपणात पाय वाढले ते वाढलेच. टाके दाखवायला जाते असं काल म्हणाले होते, पण टाके भरलेत. रडू थांबत नाही, ते डॉक्टरबाईंना सांगायचंय. तुझ्या जावयाला एवढ्यात काही बोलू नकोस.

दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलंय, कोमट करून पाज. छोटी झोपलीय. निघताना तिला जवळ घ्यावंसंही वाटलं नाही.

माझ्या वेळी तुझेही पाय वाढले होते ना? मग मला मांडीवर घेतल्यावर तुलाही काहीच वाटायचं नाही का? समोर विचारायचा धीर होत नाही. खाली जागा सोडलीय. नुसतं ‘होतं असं’ लिहू नकोस.