ग्लोबल पार्टनरशिप हेड, कोल्हापूर

३ जून
आमच्या फाउंड्रीची लंडनच्या एका संस्थेशी पार्टनरशिप झाली. संस्था जगभरातल्या गरीब मुलांची हृदयाची ऑपरेशनं करवते. मालक आण्णांनी सगळं माझ्यावर सोपवलं. कार्ड छापायला टाकलं: पारस मगदूम, ग्लोबल पार्टनरशिप हेड. त्रिशलानं विचारलं, पगार वाढणार का? बायकोला व्हिजन नाही.

६ जून
पहिली केस आमच्याच भट्टीवर सापडली. ज्ञानू, गगनबावड्याकडचा. मुलगी पूर्णिमा, सहा वर्षांची, हृदयाला छिद्र. जरा पळाली की धाप लागते. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर पुढं ऑपरेशनच होणार नाही. ज्ञानूला म्हटलं, झालंच समज. पाया पडायला वाकला. मी अडवलं, जरा सावकाश, म्हणजे बाकीच्यांना दिसेल.

२० जून
संस्थेच्या आदिती मॅडमशी ऑनलाइन मीटिंग. सारखं एकच, मुलीचे रिपोर्ट कधी पाठवता? मी म्हटलं, आधी लॉन्चचा कार्यक्रम, मग रिपोर्ट. त्यांनी मीटिंग लगेच संपवली. इम्प्रेस झाल्या असणार.

११ जुलै, दुपार
लॉन्च पुढे गेला. पाहुण्यांना वेळ नाही. शिवाय बॅनरवर आमचा लोगो हृदयापेक्षा लहान आलाय, आण्णा भडकले. ज्ञानू म्हणाला, "सायेब, सरकारी योजनंत नाव घालू का?" नको म्हटलं. केस आपली राहिली पाहिजे. त्याला व्हिजिबिलिटी समजावून सांगितली. "व्हय," म्हणाला. पटलं असावं.

२ ऑगस्ट
आदिती मॅडमची मेल. यंदाची ऑपरेशनची यादी महिनाअखेर बंद, त्याआधी रिपोर्ट हवेत. भरपूर वेळ आहे. उद्यापासून रोज रंकाळ्यावर चालायला जायचं. फोटोत पोट दिसतं.

३ ऑगस्ट
पाऊस. गेलो नाही.

७ सप्टेंबर
लॉन्च दणक्यात! पूर्णिमाला स्टेजच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून मी उचलून घेतलं. अंगात वजनच नाही. कानात म्हणाली, "काका, मग मला पळाय येणार?" म्हटलं, शर्यत जिंकशील. टाळ्या. रिपोर्ट संध्याकाळी पाठवले.

९ सप्टेंबर
यादी बंद झाली म्हणे. आठवड्यानं काय फरक पडतो? आता पुढच्या वर्षी. ज्ञानूला म्हटलं, उलट बरं, थंडी संपलेली असेल. तो खालीच बसला. परस्पर योजनेत नाव घालून आलाय. तिथंही नंबर लांबचा. माझ्यावर विश्वास हवा होता.

१५ फेब्रुवारी
पूर्णिमाचे ओठ निळे पडायला लागलेत. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. फुप्फुसावरचा दाब वाढलाय, आता ऑपरेशन करता येणार नाही म्हणाले. डॉक्टर लोक निगेटिव्हच बोलतात. फाउंड्रीच्या अहवालात तिच्या नावापुढे 'प्रतीक्षेत' लिहिलं.

३ मार्च
आण्णांनी पार्टनरशिप गुंडाळली. यंदा झाडं लावायची. मी आता ग्रीन हेड. ज्ञानू आठवडाभर कामावर नाही. कुणीतरी जाऊन त्याला हे सांगायला हवं. माझ्याइतकं चांगलं कोण बोलणार?

९ मार्च
एसटीनं ज्ञानूच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. पूर्णिमा उंबऱ्यावर बसून रस्त्यावरच्या पोरींचा खेळ बघत होती. मला बघून हसली. "काका, दवाखान्यात कवा जायाचं?"
मी तोंड उघडलं. ज्ञानूनं माझा हात धरला.
"सायेब, तिला काय सांगू नगासा. ती तुमचं खरं मानती."
एसटी येईपर्यंत तिच्याशेजारी बसून पोरींचा खेळ बघितला.