टिकली दारात थांबते

दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिकलीची शाळा काल सुटली. रविवारी तिचे बाबा तिला तुझ्याकडे सोडतील आणि उभ्या उभ्या परत फिरतील, कारखान्यात त्यांची दुपारपाळी आहे. लेक नऊ वर्षांची झाली, तरी आईला सोडून राहायची ही पहिलीच वेळ. मावशीच्या दुकानातल्या सगळ्या फ्रेमा नाकावर चढवून बघायच्या असा तिचा बेत आहे. भावजींना म्हणावं, काउंटरची काच सांभाळा.

मी फोनवर 'बरं आहे' म्हणून सुटते अशी तुझी तक्रार असते, म्हणून हे पत्र. पण खरंच बरं आहे गं. तुरुंगाच्या दारावर माझी ड्यूटी लागली त्याला वर्ष झालं. कैद्यांना भेटायला बायका-मुलं येतात, त्यांची झडती घेऊन आत सोडायचं. केस, कपडे, चपला, संपलं. आत बराकीवर होते त्यापेक्षा हलकं काम. जेवते, झोपते. वजनही वाढलंय, पण ते भेटल्यावर बघ आणि तेव्हाही गप्प बस.

टिकलीचा तुला काही ताप होणार नाही. हल्ली फार शहाण्यासारखी वागते, काही सांगावं लागत नाही.

तुझी माया माझ्या वाट्याची आहे, त्यातली महिनाभर लेकीला दे.

तुझी,
बारकी


दि. १९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

टिकली खुशाल आहे. खाते-पिते, दुकानात बसते, तुझ्या भावजींना हिशोबात चुकवते आणि वर खो खो हसते. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागू नये.

ती आली त्या दिवशी मी दार उघडलं तर पोरगी आत येईना. बूट काढले, उलटे केले, एकमेकांवर आपटले. मग भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली. मला वाटलं काहीतरी नवा खेळ असेल. भावजी हसले, मीही हसले, आणि तिला ओढत आत नेलं. दुसऱ्या दिवशी बागेतून आलो तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी भावजींबरोबर कोपऱ्यावरून पेन्सिल घेऊन आली. भावजी आत आले, ही दारातच. मी कामात होते. दहा मिनिटांनी पाहिलं तर तशीच उभी, तोंड उघडून जीभ वर उचललेली.

मी विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाली, मावशी, तू अजून तपासलंच नाहीस, मग मी आत कशी येऊ. मग अगदी सहज सगळं सांगितलं. शाळेतून आली की रोज आई तपासते. आधी दप्तर, मग खिसे, मग बूट, शेवटी वेण्या सोडून केसांतून बोटं. सहामाही परीक्षेच्या आसपास सुरू झालं म्हणाली. मी विचारलं, तुला राग नाही येत? तर म्हणाली, पहिल्यांदा यायचा, पण तपासून झालं की आई जरा हसते, नाहीतर दिवसभर हसत नाही.

बारके, माझ्या हातात एका गिऱ्हाइकाची नवी काच होती, ती खाली पडून फुटली. मी अजूनही भानावर आलेले नाही. हे काय आहे, ते मला तुझ्याच हातचं वाचायचंय.

माया आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
ताई


दि. २३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून मला धक्काच बसला, पण तुझ्या वागण्याचा. पोरं आईबापाच्या कामाची नक्कल करतात. डॉक्टरची मुलं बाहुलीला सुया टोचतात, म्हणून कुणी डॉक्टरला जाब विचारत नाही. माझी पोरगी झडती-झडती खेळते, एवढंच. मी तिला असं काही केल्याचं मला आठवत नाही, आणि केलेलं मला आठवलं असतं.

तू दिवसभर सभ्य माणसांची नाकं मोजत बसतेस. दारावरचं काम काय असतं ते तुला कळायचं नाही. भावजींपाशी या गोष्टीची चर्चा नको. येत्या रविवारी टिकलीला परत पाठव.

बारकी


दि. २६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

टिकलीला पाठवत नाही. माझ्यावर चीड, शिव्या दे, पण पाठवणार नाही.

तुझ्या घरी फोन केला होता. टिकलीचे बाबा आधी नाही नाही म्हणत राहिले, मग म्हणाले की त्यांच्या रजेच्या दिवशी दोनदा त्यांनी पाहिलं होतं. मायलेकींचा काहीतरी गमतीचा प्रकार आहे असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने म्हणाले की खरं तर तसं वाटलं नव्हतं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

आणि मीही काही फार वेगळी नाही. सहामाहीच्या सुट्टीत तू दोन दिवस आली होतीस. दुकानात बसली होतीस तेव्हा एका म्हातारीने स्टुलावर पिशवी ठेवली. ती चष्मा लावून बघत होती आणि तू तिच्या पिशवीचं तोंड बोटाने उघडून आत डोकावत होतीस. मी पाहिलं आणि गप्प राहिले. घरी गेल्यावर तुला चिडवायचं ठरवलं होतं, तेही विसरले.

त्या आधी तिकडे काय झालं होतं? एवढं एकच सांग. तू आठवत नाही म्हणतेस त्यावर माझा विश्वास आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तू रागावलीस तरी मी तुझीच,
ताई


दि. ३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फाडलं होतं. तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

परवा ड्यूटीवरून आले, कुलूप उघडत होते. वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात आली आणि टिकली कधी येणार म्हणून विचारायला लागली. मी बहुतेक उत्तरही देत होते. एकदम ती रडायला लागली. पाहते तर तिची वेणी सुटलेली आणि माझी बोटं तिच्या केसांत. ताई, मी केव्हा हात घातला ते मला माहीत नाही. तिच्या आईने वरून हाक मारली आणि मुलगी पळाली. मी जिन्यातच बसले, आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत. तेव्हा मला टिकलीचं सगळं आठवलं. एकेक दिवस नाही, पण आठवलं. तिची मान कशी पुढे झुकायची तेसुद्धा.

आता तू विचारलंस ते. सहामाहीच्या आधी भेटीच्या दिवशी दारावर मी एकटी होते, रांग रस्त्यापर्यंत गेलेली. एक छोटी मुलगी चुलत्याबरोबर बापाला भेटायला आली. दोन वेण्या, जाड रिबिनी. माझ्याशी छान हसली. मी खिसे पाहिले, बूट पाहिले, डोक्यावर टपली मारली आणि सोडलं. चुलत्याने तिच्या रिबिनीत पातं शिवलं होतं. तिला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच संध्याकाळी बराकीत जुन्या भांडणावरून तिच्या बापाने एका पोरसवदा कैद्यावर ते चालवलं. तो मुलगा दवाखान्यात पोचेपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पुन्हा मीच. मेलेल्या मुलाची आई भेटीच्या रांगेत उभी होती. घरी निरोप पोचलेलाच नव्हता. तिची पाळी आली. मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. मी काय करावं? मी तिची झडती घेतली. नियमाने. पदर, केस, चपला. ती म्हणाली, मुलगा बारीक झालाय, जरा लवकर सोडा बाई. आत साहेबांनी तिला सांगितलं, आणि तिचा आवाज भिंतीतून आला. मी तोवर पुढच्या बाईच्या चपला बघत होते.

चौकशी झाली. एका कागदावर सही घेतली, यापुढे दक्षता बाळगावी. मी बाळगली. झोप लागते का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. घरी सांगितलं असतं तर टिकलीचे बाबा म्हणाले असते नोकरी सोड. तुला सांगितलं असतं तर तू घ्यायला आली असतीस. मला वाटलं, बोलले नाही तर ते दारावरच राहील.

टिकलीला काय सांगू? ती आई हसावी म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ते वाक्य मला वाचवत नाही.

मी तुझ्या मायेला पात्र आहे का ते तूच ठरव.

बारकी


दि. ६ मे

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी ते नुसते लिहायचे म्हणून नाहीत.

तुझं पत्र भावजींना वाचून दाखवलं, तू नको म्हणाली होतीस तरी. ते उठून मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तुला रागावले ते मागे घेत नाही. पोरीवर अन्याय झाला, तो तूच केलास. पण तुला एकटीला त्या दारावर उभं करून ठेवणाऱ्यांनी तुझ्यावर केला, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक समुपदेशक बाई आहेत. नाव-गाव न सांगता त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असं पोलिसांच्या, परिचारिकांच्या, कैद्यांच्याही बाबतीत होतं. अंग सावध राहायला शिकतं आणि मग कुठे थांबायचं ते विसरतं. आपलं आपण आवरू म्हणून ते आवरत नाही. तुझ्या गावातल्या त्यांच्या ओळखीच्या बाईंचा पत्ता सोबत आहे. नुसता कपाटात ठेवू नकोस. आणि कामावर सांग. कुणाला ते तू बघ, पण सांग.

टिकलीशी मी काही बोललेले नाही. ते आईनेच बोलायचं. फक्त एवढं केलं, ती दारात थांबली की मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहते. मग आम्ही दोघी बरोबर आत येतो.

माया होती, आहे. ठरवायचं काय त्यात?

तुझी,
ताई


दि. २४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी टिकलीला घेऊन सुखरूप पोचले. तुझ्या दारात आपण दोघी काही न बोलता रडलो, म्हणून बोलायचं ते लिहिते.

आधी साहेबांकडे गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे खातंच असं आहे, मन घट्ट करायला शिका. मी बाहेर आले ती सरळ कपडे बदलायच्या खोलीत. तिथे चौघी होत्या. का कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं, टिकलीसकट. वाटलं, आता या तोंड फिरवतील. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई केस विंचरत होत्या. आरशातच बघत म्हणाल्या की अकरा वर्षं त्यांनी घरात नवऱ्याला कुठल्याच खोलीचं दार लावू दिलेलं नाही, न्हाणीघराचंसुद्धा. एक जण फिसकन हसली. मग ती म्हणाली, मी जेवायला बसले की आधी माणसं मोजते. त्यानंतर कुणी हसलं नाही. ताई, इतकी वर्षं आम्ही एकाच खुंटीवर गणवेश अडकवतो.

पाच जणींनी मिळून अर्ज दिला. दारावर एका वेळी दोघी, आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त कुणीच नाही. पाच सह्या बघून साहेबांनी तीन महिने करून बघू म्हटलं. तू दिलेल्या पत्त्यावर मी दर गुरुवारी जाते. दोनदा नुसती रडले, तिसऱ्यांदा बोलले.

आता टिकली. बसमध्ये तिला सांगितलं की मी करत होते ते चूक होतं. तू काही केलं नव्हतंस. तुझं अंग तुझं आहे, आईनेसुद्धा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, पण मग तुला बरं कशाने वाटणार? मी सांगितलं की ते माझं काम आहे, तुझं नाही, आणि मला मदत करणारी मोठी माणसं आहेत. तिला पटलं की नाही, माहीत नाही. घरी आल्यावर अजून दारात घुटमळते. मी घाई करत नाही.

उतरायच्या आधी तिने विचारलं, मग तिथे येणाऱ्या मुलांची झडती पण आता घेणार नाहीस का? तिला फसवणं मला जमलं नाही. म्हटलं, घ्यावी लागेल, कारण एकदा न घेतल्याने एक माणूस गेलं. ती मग म्हणाली, निदान त्यांना आधी सांगत जा. तू मला कधीच सांगितलं नाहीस.

सोमवारी भेटीच्या रांगेत टिकलीएवढीच एक मुलगी आली. मी तिच्यासमोर खाली बसले आणि कुठे कुठे हात लावणार, कशासाठी, ते एकेक करून सांगितलं. रांग खोळंबली, मागून बायका कुरकुरायला लागल्या. मुलीने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, मी नाही म्हटलं तर?

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लेकीनेही नाही. मी तिला खरं ते सांगितलं, की मग आज बाबांना भेटता येणार नाही, आणि हा नियम मलाही आवडत नाही. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की तिला विचार करायचाय. मी तिला बाकावर बसायला सांगितलं, आणि रांग थांबवून वाट बघत राहिले.

भावजींना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे, आणि मी पुन्हा 'बरं आहे' एवढंच म्हटलं तर फोन ठेवू नकोस.

तुझी,
बारकी