पोस्टमनला तुम्ही काय सांगितलंत?

अहो,

उद्या कोर्टाची तारीख आहे. काय काय घडलं ते लिहून आणा, असं वकिलांनी सांगितलंय. त्यांच्यासाठी लिहायला बसले, पण मनात भांडण तुमच्याशीच चाललंय. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

मिलमधले तुमचे जोडीदार युवराज भाऊजी. त्यांनी सचिन गावात कापडाचे लूम टाकले, तेव्हा बँकेत तुम्ही जामीन राहिलात. राहिलात ते राहिलात, घर दोघांच्या नावावर म्हणून मलाही नेलंत! हे कशाचे कागद, असं विचारलं तर म्हणालात, “सहीच त करनी शे, पैसा थोडाच देना शेतस!”

भाऊजी लूम भंगारात विकून गावाला निघून गेले. बँक आली आपल्या दोन खोल्यांवर. निकाल विरुद्ध गेला, अपिलाची मुदत संपली, वर आठ महिने गेले. इथले गुजराती वकील मलाच विचारतात, “मासी, मोडुं केम थयुं?” उशीर का झाला, हे मला ठाऊक होतं का?

मग त्यांनी कोर्टाचं, परत गेलेलं पाकीट दाखवलं. नाव माझं. वर पोस्टमनचा शेरा, बाई गावी गेल्या आहेत, पतीने सांगितलं. मी कुठे गेले होते हो? आत कळण्याच्या भाकरी थापत होते! दारात कोण आहे विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “कोनी नही, लाइटबिलवाला.”

पत्र घेतलंच नाही तर भानगड लागणार नाही, असं वाटलं का तुम्हाला? एकदा सांगायचं होतंत. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग वकील शोधला असता. तुमच्या घशाखाली घास उतरेना, आणि मी वेडी अ‍ॅसिडिटी समजून जिऱ्याचं पाणी देत राहिले! तुम्ही एकटेच कुढत गेलात. त्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

तुमचा भाऊ म्हणतो, “भाभी, मरेल मानूसवर कसाले ढकलतस?” मग कोणावर ढकलू? पत्र आल्याचं तुम्ही लपवलंत हे सांगितलं, तरच उशीर माफ होण्याची थोडी आशा आहे. नाहीतर या वयात भाड्याची खोली शोधायची. आजवर तुमच्या बहिणींपुढे, मुकादमापुढे तुमचीच बाजू घेतली. उद्या नाही घेणार.

लग्नात उखाण्यात एकदाच तुमचं नाव घेतलं होतं. पुढे कधी जीभ वळली नाही, रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा पोरीला पुढे करायचे. उद्या जजसाहेबांसमोर घेईन, आडनावासकट, आणि हा माणूस खोटं बोलला असं सांगेन. रडणार नाही, हे वचन.

तुमचीच,
मंगला