कोल्ड कॉफी न पिण्याची कारणे

४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, स्वतःला वळण लागावं म्हणून. संकल्प: लवकर उठणे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण संपवणे. लंबूचा विचार न करणे.

लंबू म्हणजे माझा रूममेट. आज त्याने कॅन्टीनमध्ये टेबलावर चढून भाषण ठोकलं. (टेबलाची गरज काय? तो जमिनीवर उभा राहिला तरी टेबलावरच असतो.) विषय: कोल्ड कॉफीच्या बाटल्या बनवणारी ती कंपनी. तिच्या गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांना अख्खी शिफ्ट उभं ठेवतात. एक जण खोक्यावर टेकली म्हणून तिला काढून टाकलं. स्टूल मिळेपर्यंत सोमवारपासून ती कॉफी कुणी विकत घ्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. टाळ्या. मीही वाजवल्या, पण हळू.

संशोधिका तिथेच होती. समाजशास्त्राची. विद्यार्थी बहिष्कारात का उतरतात, हा तिचा विषय. लंबूची तिने दीड तास मुलाखत घेतली. मला तिने एवढंच विचारलं, की ही खुर्ची रिकामी आहे का.

५ सप्टेंबर
खूप विचार केला. बहिष्कार म्हणजे निव्वळ मेंढरूपणा. मी माझं डोकं गहाण टाकणार नाही. निषेध म्हणून कॅन्टीनच्या अगदी मधल्या टेबलावर बसून दोन बाटल्या प्यायलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

संशोधिकेला सहज सुचवलं, की विरोधी बाजूही ऐकून घ्यायला हवी. ती म्हणाली, सामील झालेल्यांच्याच मुलाखती घेते. न झालेले काय, गल्लोगल्ली आहेत. गल्लोगल्ली!

६ सप्टेंबर
सामील व्हायचं ठरवलं. तिचा काही संबंध नाही. त्या बायकांचा विचार करून झोप लागली नाही. (दुपारची.)

प्रतिज्ञापत्र बारकाईने वाचलं. त्यात 'विकत घेणार नाही' एवढंच आहे. पिण्याबद्दल चकार शब्द नाही. आणि सोमवार अजून लांब आहे. म्हणून दोन क्रेट घेऊन ठेवले. कॅन्टीनवाल्या काकांनी विचारलं, पार्टी आहे का? म्हटलं, निरोप समारंभ.

८ सप्टेंबर
सही केली. लंबूने सगळ्यांसमोर मिठी मारली. माझं डोकं त्याच्या काखेत. संशोधिकेने फोटो काढला. फोटोत लंबूचं हसू आहे आणि माझा भांग आहे.

१२ सप्टेंबर
क्रेट खाटेखाली, सुटकेसच्या मागे. लंबू अंघोळीला गेला की एक बाटली उरकतो. तो अंघोळ फार झटपट करतो. स्वार्थी आहे. फ्रिज नसल्यामुळे कॉफी कोमट. कोमट कोल्ड कॉफी भिंतीच्या डिस्टेंपरसारखी लागते. पण एकदा घेतलेलं वाया घालवणाऱ्यांतला मी नाही.

लंबू साधं पाणी पितो. त्याचंही लोकांना कौतुक! मी गेली वीस वर्षं पाणी पितोय. कुणी काही म्हणालं नाही.

१५ सप्टेंबर
लंबू चार घडीची स्टुलं घेऊन गोदामाच्या फाटकाशी बसून आला. जेवणाच्या सुटीत बायका बाहेर येतात तेव्हा टेकायला. त्यातल्या एका मावशींनी म्हणे त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कसा काय पोहोचला हात? मीही गेलो असतो. पोट बिघडलं होतं. कारणात शिरत नाही.

संशोधिकाही गेली होती. दोघं एकाच रिक्षाने परत आली. मी खिडकीत होतो. योगायोगाने. बराच वेळ.

१८ सप्टेंबर
आज माझी मुलाखत! निळा शर्ट घातला. लंबूचा आहे, पण बाह्या चार वेळा दुमडल्या की माझाच वाटतो.

तिचा प्रश्न एकच: बहिष्कारात का उतरलास? मी चाळीस मिनिटं बोललो. न्याय, समता, श्रमप्रतिष्ठा, सगळं आलं. मधूनमधून तुलनेसाठी लंबूचं उदाहरण दिलं, तेही विषयाच्या ओघात. ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. लंबूच्या वेळी तिने पेन उघडलंसुद्धा नव्हतं, नुसती ऐकत बसली होती. यातच काय ते आलं.

निघताना म्हणाली, असं उत्तर आजवर कुणीच दिलं नव्हतं. हे वाक्य इथे अधोरेखित करून ठेवतो.

संकल्प: नवा शर्ट घेणे. तिला फिरायला चल म्हणून विचारणे. लंबू गावी गेल्यावर.

२२ सप्टेंबर
कंपनी नमली. गोदामात स्टुलं आली, त्या बाईंना परत घेतलं. पोरांनी लंबूला खांद्यावर घेतलं. डावा पाय माझ्या वाट्याला. जड आहे. सगळे रडत होते. मीही रडलो, पण माझ्या खांद्याची गोष्ट वेगळी होती.

खाटेखाली अजून पाच बाटल्या.

२६ सप्टेंबर
संशोधिकेचं सादरीकरण. पहिल्या रांगेत बसलो. निळा शर्ट. शेजारी लंबू.

तिने कारणं सांगितली. कुणाची आई कारखान्यात आहे म्हणून. कुणाचे मित्र उतरले म्हणून. कुणाला हातात ती बाटली दिसायची लाज वाटली म्हणून. शेवटी म्हणाली, एक कारण माझ्या यादीतच नव्हतं: मत्सर. सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी. असली क्षुद्र माणसं असतात, असं लंबूच्या कानात म्हणालोसुद्धा. मला तिसऱ्या मजल्यावरच्या गिटारवाल्याचा संशय होता.

मग पडद्यावर आलं: उत्तरदाता क्रमांक अकरा. चाळीस मिनिटांत 'कामगार' हा शब्द दोनदा. 'माझा रूममेट' एक्केचाळीस वेळा. 'स्टूल' एकदाच, तेही 'त्याला कशाला लागतंय स्टूल' या वाक्यात.

हसणं तोंडातून निघून गेलेलं होतं. परत घेता येईना.

नंतर कॅन्टीन. लंबूने काकांकडून थंडगार बाटली आणून सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. म्हणाला, हा कोल्ड कॉफीशिवाय जगत नव्हता, पण बहिष्कारात एकही दिवस तोंड लावलं नाही, पहिला घोट याचा. काका माझ्याकडे बघत राहिले. क्रेटचं नाव काढलं नाही, उपकार त्यांचे. संशोधिका समोरच बसलेली. खाटेखालच्या पाच बाटल्या आठवल्या. प्यायलो.

लंबू म्हणाला, त्या अकरा नंबरच्या रूममेटचं वाईट वाटतं यार, बिचाऱ्याला माहीतही नसेल. आपलं बरं आहे, नाही का? आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याच, दुखऱ्या.

मी हो म्हणालो. संशोधिकेने माझ्याकडे पाहिलं आणि मग पेपर नॅपकिन पुढे सरकवला. कॉफी शर्टावर सांडली होती. तेव्हा कुठे मला कळलं, की तिने त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. लाजेने मेल्यासारखं झालं. लंबूसारख्या माणसाचा मत्सर करायचा तरी कसा? तरी होतोय.

लंबूला म्हटलं, सॉरी, तुझा शर्ट खराब झाला. तो म्हणाला, असू दे, ठेव तुलाच. तुला जास्त शोभतो.