कनेक्शन माझ्या नावावर

लिक्सलिप, गुरुवार, ४ फेब्रुवारी २०२१

सोमवारी वकिलाचं पत्र आलं. आमच्या इंटरनेटवरून गाण्यांचे अल्बम बेकायदा वाटले गेले, म्युझिक कंपनी दावा लावणार. पत्र माझ्या नावाने. का, तर कनेक्शन माझ्या नावावर.

गाणी अनिकेतची. माझ्या नवऱ्याची. लॉकडाउनभर टॉरेंटवर फुकट गाणी उतरवणं-वाटणं चालूच असायचं. दोनदा म्हटलं, बंद कर. "सगळेच करतात गं."

पत्र वाचून मात्र त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणे, "तूच केलंस असं लिहून दे ना. माझा इथल्या सिटिझनशिपचा अर्ज आत गेलाय. तुझा अजून कुठे भरलाय?"

कुठे भरलाय! आधी त्याचा, मग माझा, हे ठरवलं कोणी? आणि तेव्हा मी मान का डोलावली?

आज कामावर जेवणाच्या सुट्टीत प्लांटच्या पार्किंगमधून सल्ल्यासाठी एका सॉलिसिटर, म्हणजे वकील, बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "खातं तुमचं म्हणून दोष आपोआप तुमचा होत नाही. पण खोटी कबुली दिलीत, तर मग तो तुमचाच."

घरी येऊन उत्तर लिहिलं. कनेक्शन माझं आहे, गाणी मी वाटलेली नाहीत. त्याला वाचून दाखवलं.

"मग कोणी वाटली, असं विचारलं तर?"

"तर सांगेन."

वाटलं होतं, निदान सॉरी म्हणेल. मी कोट चढवला आणि पाकीट पोस्टात टाकून आले. परतले, तेव्हा तो आपली उशी दुसऱ्या खोलीत नेत होता. मी थांबवलं नाही.