नाक्यापर्यंतचं पच्चखाण

८ जुलै १९७४, सोमवार
मुंबईहून परत. मांडीतून नळी घालून हृदयाचे फोटो काढले. हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीवर फुगा निघाला. इंग्रजी नाव कोरोनरी अ‍ॅन्युरिझम. फार क्वचित दिसतो म्हणे. जळगावच्या अख्ख्या किराणा लाइनीत कोणाला नसेल. आत रक्त साकळलं तर खेळ खलास, असंही तिथले डॉक्टर म्हणाले. तंबाखू बंद, तूप बंद, राग बंद. उद्यापासून तिन्ही बंद. या मिश्रीलालने एकदा ठरवलं की ठरवलं.

९ जुलै
दुधीची अळणी भाजी. शी! म्हशीनेसुद्धा तोंड फिरवलं असतं. साडू बन्सीलाल समाचाराला आले, दोन कप चहा प्यायले आणि त्यांच्या मावशीच्या मूळव्याधीची हकीकत सांगून गेले. माझ्या फुग्यापुढे मूळव्याध! संताप आला. संताप वाईट, म्हणून चिमूटभर तंबाखू घेतली. औषध म्हणून.

११ जुलै
भडगावचा नथ्थू भर दुकानात ओरडून विचारतो, शेठ, तुमना छातीमा फुगा शे म्हने, तो फुटस का? गिऱ्हाइकं हसली. गंभीर रोगाचं मराठीत भाषांतर करूच नये.

१४ जुलै, रविवार
प्रेमकुंवर मला धरून जैन स्थानकात घेऊन गेली. महाराजसाहेबांसमोर म्हणाली, यांना तंबाखू सोडायचा नेम, पच्चखाण द्या, आजन्म. बायको म्हणते म्हणून व्यापारी माणूस कोऱ्या कागदावर सही करत नसतो. मी हद्द बांधून घेतली: जळगाव नगरपालिकेच्या हद्दीत तंबाखू तोंडात घालणार नाही. आपल्या धर्मात हद्दीचे नेम आहेतच, मी काही नवीन काढलं नाही. महाराजसाहेब म्हणाले, नेम लहान असला तरी चालेल, पण मोडू नका. मोडीन कशाला? येताना प्रेमकुंवर फणकाऱ्याने चार पावलं पुढे चालली. बायकांना कायदा कळत नाही.

१८ जुलै
धुळ्याला जाऊन आलो. मिरचीचे भाव बघायला. एसटीने हद्दीवरचा जकात नाका ओलांडला आणि डबी उघडली. पच्चखाण शाबूत.

२० जुलै
धुळे. मिरची.

२२ जुलै
धुळे. छातीत थोडं जड वाटलं. एसटीच्या सीटा भिकार. प्रेमकुंवर विचारते, तीनदा गेलात, मिरची कुठे आहे? भाव अजून उतरणार आहे म्हटलं.

२७ जुलै
छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या. डॉ. फिरक्यांकडे गेलो. तंबाखू सोडली का? जळगावात कोणालाही विचारा, म्हटलं. ते खूश. तरी फरक का नाही, म्हणून त्यांनी गोळ्या बदलल्या आणि प्रवास बंद केला. एवढं शिकून उपचार काय, तर कैद! प्रेमकुंवरने संध्याकाळच्या आत एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरलासुद्धा कळवून टाकलं.

३ ऑगस्ट
आठवडा कोरडा. शेजारचा प्रकाशचंद दुकानाच्या पायरीवर पिचकारी मारतो. किळसवाणा माणूस. वासासाठी मात्र थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

४ ऑगस्ट, रविवार
सुचलं! रोज चाला असं डॉक्टरच सांगतात. जकात नाका घरापासून सव्वा मैल. उद्यापासून नियमित व्यायाम. प्रेमकुंवरला सांगितलं, तिला बरं वाटलं.

५ ऑगस्ट, संध्याकाळ
पडून लिहितोय. डॉक्टरांनी लिहायलाही मनाई केली आहे.
दोनदा बसत नाक्यावर पोचलो. तंबाखू मळली. तोंडात टाकणार, एवढ्यात नाकेदार तोताराम टेबल उचलताना दिसला. शेठ, आजपासून हद्द पुढे गेली, म्हणाला. नवा नाका अर्धा मैल पलीकडे, आणि तो मोठ्या अभिमानाने बोट दाखवत होता. नगरपालिकेला वाढायला दुसरा दिवस सापडला नाही! मळलेली तंबाखू डबीत भरली आणि तसाच पुढे निघालो. शंभर पावलं गेलो असेन. छातीत अशी कळ आली की रस्त्यातच बसलो, मग आडवा झालो. मेलो असं वाटलं. फैजपूरच्या केळीवाल्याने ट्रकमध्ये घालून घरी आणलं.
डॉक्टर म्हणाले, या खेपेला वाचलात, पुढच्या खेपेचं मी सांगू शकत नाही.
कोट काढताना प्रेमकुंवरच्या हाती डबी लागली. तिने उघडून पाहिली. तंबाखू मळलेली, तशीच भरलेली. माझ्या तोंडाचा वास घेतला. मग रडायला लागली. म्हणाली, जीव जात होता तरी तुम्ही नेम मोडला नाही, आणि मी तुमच्यावर संशय घेत होते. डॉक्टरांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. फिरक्यांच्यासुद्धा डोळ्यांत पाणी.
अर्धा मैल कमी पडला, बाई, एवढंच. सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.
म्हणते, आता हद्द कशाला ठेवायची, आजन्मच घेऊ.
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?