समुद्रापर्यंत जाऊन झोपले

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी

प्रिय अभयदादा,
सप्रेम जय भीम.

तू, वहिनी, संस्कृती सगळे बरे असाल. इथं आईची तब्येत आहे तशीच. लकव्यानं गेलेला डावा हात अजून उचलत नाही, जीभ मात्र पूर्ण बरी झाली. खात्री हवी तर शेजारच्या सरूमावशीला विचार. रोज येऊन बसते आणि रोज बोलणी खाऊन जाते.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलावं तर आई शेजारीच असते आणि स्पीकर लावायला लावते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू अंगठा पाठवतोस. म्हटलं, कागदाला तरी अंगठा पाठवता येणार नाही.

तर बातमी अशी की मी रविवारी कोकणात जाऊन आले. हो, मीच. माझ्या शाळेत शिकवणाऱ्या दीपमाला आणि मोनाली केव्हापासून मागे लागल्या होत्या, पण दर वेळी माझं काहीतरी निघायचं. आईला ताप यायचा, नाहीतर पाण्याचा दिवस यायचा. पुण्यात राहून तू विसरला असशील, इथं नळ आठवड्यातून एकदा येतो आणि त्या दिवशी घरातलं माणूस मयतीलासुद्धा जात नाही. या वेळी दीपमालानं मला विचारलंच नाही. "पाणी शुक्रवारी येऊन गेलंय ना? मग शनिवारी संध्याकाळी गाडी तुझ्या दारात," म्हणाली. आईजवळ राहायला सरूमावशी तयार झाली. मी तिला गोळ्या समजावून सांगत होते तर म्हणाली, "जा गं बाई. मी काय म्हातारी कधी बघितली नाय व्हय? आरशात रोज बघती."

श्रीवर्धनच्या बाजूचं लहानसं गाव. एका काकूंच्या घरी उतरलो. घरामागं सुपारीची वाडी, वाडी ओलांडली की वाळू. त्या दोघी चहासुद्धा न घेता समुद्राकडे पळाल्या. मी म्हटलं, तोंड धुऊन येते.

मागच्या अंगणात नळ होता. सोडला तर धो धो पाणी. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी बादली भरली. दुसरी भरली. मग हंडा, घमेलं, काकूंनी मासे धुवायला काढलेलं पातेलं, शेवटी कुत्र्याची थाळीसुद्धा. पदर खोचून, दात आवळून भरत होते. दीपमाला शोधत आली, गुडघ्यापर्यंत ओली, आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"रत्ने, लई झालं! तिकडं एवढा समुद्र हाय, त्योबी भरून घे हंड्यात."

काकू हसत हसत म्हणाल्या, "अहो बाई, आमच्याकडे नळ दिवसभर असतो. राहू दे, झाडांना घालीन मी." मीही हसले. हसता हसता रडायला लागले आणि ते काही केल्या थांबेना. काकू बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. मोनालीनं किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली चटई टाकली आणि म्हणाली, "पड जरा."

दादा, मी झोपले. जेवायलाही उठले नाही. समुद्र कसा होता विचारशील तर मला सांगता येणार नाही, त्याच्याकडे पाठ करून दिवसभर झोपले. एकदाही हाक आली नाही. हाकेचं तुला माहीत नाही. रात्रीतून तीन-चारदा "रत्ने" येतं. कूस बदलायची असते, भांडं द्यायचं असतं, कधी काहीच नसतं. मी आहे का, एवढंच बघायचं असतं. तीन वर्षं झाली याला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. थोडा वेळ मला आई आठवलीच नाही. मग दचकून फोन बघितला, सरूमावशीचे दोन कॉल येऊन गेले होते.

आता लिहिते ते वाचून पत्र फाडू नकोस. माझ्या मनात आलं, गेली. आणि मला बरं वाटलं. घाबरण्याच्या आधी बरं वाटलं, दादा. फोन लावला तर आईच बोलली, "या बाईला सांग चहात साखर किती टाकायची. नुसती गुळवणी करती."

तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. आईवर माझा जीव आहे, ते तुला सांगायला नको. तिचा राग येत नाही. तुझा येतो, आणि तो मी तुला कधी दाखवला नाही. दर रविवारी तू विचारतोस, काही लागलं तर सांग. लागतंय. आईला थोडे महिने तुझ्याकडे ने. चौथा मजला, वहिनीची नोकरी, संस्कृतीची दहावी, सगळं मला पाठ आहे. नोकरी मलाही आहे.

हे असं लिहून तुझ्या उत्तराची वाट बघायची, असं ठरवलं होतं. पण काल आईचं डोकं विंचरताना तोंडून निघून गेलं, "आई, जातीस का दादाकडं थोडे दिवस?"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "त्यानं बोलावलं व्हय?"

मी म्हणाले, "व्हय."

"कधी?"

"परवा फोन आलता. तू झोपली व्हतीस."

तिनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "मला ठावं व्हतं. पोरगं बोलावल्याबिगर राहायचं नाय," म्हणाली. आज सकाळपासून सरूमावशीला हे तीनदा ऐकवून झालंय. पांढरी साडी इस्त्रीला द्यायला लावली. पुण्यात थंडी असते का, मला विचारते.

तर दादा, तू आईला बोलावलं आहेस. न्यायला कधी येतोस, तेवढंच कळव.

तुझ्या वतीनं हो म्हणालेली,
रत्ना